पाण्याचं कुलूप

घरातल्या एका लोखंडी पिंपावरून मी जेवढी भांडले, तेवढी नवऱ्यावरून कधी भांडले नाही. नवरा सिकंदराबादला रेल्वेत होता. सकाळी भरलेला डबा घेऊन जायचा, संध्याकाळी रिकामा आणून मोरीत ठेवायचा. असल्या माणसाशी भांडणार तरी कशावरून? ती कमतरता त्याच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या दिराने, भरून काढली.

आम्ही दिलसुखनगरला राहायचो. आता तिथे दोन दुकानांच्या मध्ये एक शिकवणीवर्ग आणि दोन शिकवणीवर्गांच्या मध्ये एक दुकान, अशी अवस्था आहे. पण नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या घरामागे मोकळी जागा होती, आणि तिथे सासऱ्यांनी कधीकाळी म्हशीसाठी बांधलेली पत्र्याची शेड. म्हैस गेली, सासरेही गेले, शेड राहिली. त्या शेडमध्ये दिराने आपलं पिंप उभं केलं.

त्याआधी तो एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता, कंत्राटावर. कायम करू, कायम करू म्हणत साहेबांनी त्याला झुलवत ठेवलं आणि बाजार खुला झाला तसं कारखान्याने भरतीच बंद केली. तेव्हा हैदराबादेत नोकरी गेलेल्या प्रत्येकाला एकच सल्ला मिळायचा, एसटीडी बूथ टाक. मी टेलिफोन खात्यात होते, त्यामुळे अख्ख्या गल्लीला वाटायचं की बूथ माझ्या पर्समध्येच आहेत आणि मी मेली सख्ख्या दिराला एक काढून देत नाही. मी धडपड करायला तयार होते हो. पण त्याला बूथ नकोच होता. त्याला टरफलं जाळायची होती.

टरफलं म्हणजे भुईमुगाची. तेलाच्या गिरण्यांबाहेर त्यांचे डोंगर पडलेले असायचे. शेतात कापसाच्या पऱ्हाट्या, तुराट्या, मक्याची बुरकुंडं. लोक हे सगळं जागच्या जागी पेटवून मोकळे होतात याचा त्याला फार राग. "वहिनी, त्या धुरात किती भट्ट्या चालल्या असत्या, ठाऊक आहे?" असं म्हणायचा. सासूबाई नांदेडकडच्या शेतकऱ्याच्या लेक. त्या म्हणायच्या, "आम्ही उभा जन्म पऱ्हाट्या जाळल्या. त्याला इंजिनिअर कशाला लागतो रे?"

मला त्याने सगळं समजावून सांगितलं होतं, मी भाकरी थापत असताना. म्हणाला, आगीला पोटभर हवा द्यायची नाही. अर्धपोटी ठेवायची. मग ती धड जळत नाही, नुसता धूर सोडते. पण त्या धुरात जळायची ताकद शिल्लक असते. तो नळीने दुसरीकडे न्यायचा आणि तिथे पेटवायचा, की शेगडीच्या गॅससारखा जळतो. त्यासाठीच ते पिंप. वरून टरफलं टाकायची, आत निखारा, आणि शेजारचा पंखा आतला वायू ओढून बर्नरकडे ढकलणार. पिंपाला बूड नव्हतं. ते एका गोल, उथळ हौदात उभं होतं आणि हौदात पाणी. राख पडायची पाण्यात, आणि पाणी असल्यामुळे खालून हवा आत शिरायची नाही.

"परातभर पाण्यात तांब्या उपडा घाला. बाहेरची हवा आत जाते का? नाही जात. हे पाण्याचं कुलूप आहे, वहिनी. हे निघालं की सगळंच बोंबललं."

पुढे तेच तांब्या-परातीचं पुराण मी किती वेळा ऐकलं, देव जाणे. शेडमध्ये कोण कोण यायचं. त्याचे कारखान्यातले मित्र, कुठल्याशा कॉलेजातले प्राध्यापक, तेलगिरणीवाले. तो प्राध्यापकांना इंग्रजीत सांगायचा, गिरणीवाल्यांना तेलुगूत, बाकीच्यांना हिंदीत. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन यायच्या, कप वाटायच्या, रिकामे कप गोळा करून निघून जायच्या. त्या पिंपाचा त्यांना एकच त्रास होता, वास. राख पडून हौदातलं पाणी काळंकुट्ट व्हायचं आणि त्याला जुन्या हुक्क्यासारखी घाण यायची. "ह्या गटारापाशी बसून पोरगं भात खायलंय," असं त्या मला म्हणायच्या, जसं काही मीच त्याला तिथे ताट वाढत होते.

खरं घोडं पेंड खात होतं ते मस्कतला. दिराच्या एका मित्राने तिकडे त्याच्यासाठी नोकरी बघितली होती. त्या काळात आमच्या भागात घराआड एक जण आखातात. जातात दोन वर्षांसाठी आणि येतात ते सुटकेस घेऊन, चार दिवस पाहुण्यासारखे बसायला. मित्राला दिवाळीपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. दिराचं म्हणणं सरळ होतं. पिंप कुणी घेतलं तर राहीन, नाही घेतलं तर जाईन. बिनकामाचं भावाच्या घरी बसून खाणार नाही. आणि सासूबाईंना हे पोरगं इथेच हवं होतं. त्यांच्या नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात रात्रंदिवस उशाशी बसलेला तोच. माझा नवरा चांगला माणूस, पण आईच्या पायाला तेल लावून देणारा मुलगा हा. त्या मला एकदा गहू निवडताना म्हणाल्या, "हे गेलं की मी संपले बघ." मी म्हणाले, आई, असं अभद्र बोलू नका. पण त्यांनी ते काही उगाच म्हटलं नव्हतं.

आणि मग अफझलगंजचे एक बेकरीवाले आले. पांढरी दाढी, गोड बोलणं, येताना नेहमी बिस्किटांचा डबा. त्यांच्या भट्टीला लाकूड लागायचं आणि लाकूड काही धड मिळेना. पिंप त्यांना पसंत पडलं होतं. फक्त एकदा पेटलेलं, जळत राहिलेलं बघायचं होतं. एक जमलं असतं तर बाकीचे बेकरीवाले मागून आलेच असते, कारण त्या धंद्यात यांचा शब्द चालायचा. दिवस ठरला दसऱ्याचा. साडेतीन मुहूर्तातला एक, विचारायचंच काम नाही. आधीच्या आठवड्यात दिराने रोज पेटवून पाहिलं, रोज छान जळलं. अष्टमीला त्याने हौद काठोकाठ भरला आणि मला म्हणाला, "वहिनी, आता हा सूर्य आणि हा जयद्रथ."

सासूबाईंनी त्याच दिवशी बोलून टाकलं, "पेटलं तर पुरण त्याच्यावरच शिजवीन. गटार तर गटार."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा. त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही, ते विश्रांती घेतं. आमच्याकडे विळी-अडकित्त्यापासून नवऱ्याच्या सायकलीपर्यंत सगळं हळदकुंकू लावून बसायचं. सासूबाईंनी दिराला शेडमध्ये फिरकूच दिलं नाही. मी कामावर, टेलिफोनला कसली खंडेनवमी. संध्याकाळी घरी आले तर पिंप ओळखू येईना. चिंच लावून घासलेलं, हळदकुंकवाची बोटं ओढलेली, आंब्याचं तोरण, आणि खाली पिंप आणि हौदाचा काठ यांमधली फट झाकणारा झेंडूचा दाट हार, जमिनीला टेकलेला. वासही नव्हता. मला वाटलं, फुलांमुळे दबला असेल. सासूबाईंनी बजावून ठेवलं की उद्या संध्याकाळी सोनं लुटून होईपर्यंत हार हलवायचा नाही. दीर हसला आणि म्हणाला, "हौ आई, नाही हलवत."

दसऱ्याला बेकरीवाले ठरल्या वेळेआधीच हजर. शेडच्या दारात थबकले आणि म्हणाले, "वल्ला, ये तो दुलन बनको बैठी है." सासूबाई खूश झाल्या. मी पाण्याचे पेले घेऊन उभी होते. दिराने निखारा घातला, टरफलं ओतली, पंखा लावला. बर्नरमधून पांढरा धूर यायला लागला. रोज थोड्या वेळाने तो पातळ व्हायचा आणि काडी लावली की पेटायचा. त्या दिवशी काडी लावली की भप्प व्हायचं आणि विझायचं. पुन्हा काडी, पुन्हा भप्प. बेकरीवाल्यांनी रुमाल नाकाला लावला. नवरा बिचारा उगाच नळ्या चाचपून बघत होता. सासूबाई दाराशी हात जोडून उभ्या. दिराचा चेहरा उतरत चालला होता.

मग तो खाली वाकला. हाराचा एक पदर बोटाने उचलला आणि आत बघितलं. मी त्याच्या मागेच होते, मलाही दिसलं. हौद कोरडा ठणठणीत होता. घासून घासून लख्ख केलेला आणि तळाला तेलात कालवलेल्या शेंदराचं स्वस्तिक.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ते असं. ते घाण पाणी म्हणजे सासूबाईंच्या लेखी गटार. पूजा मांडायची तर आधी गटार काढायचं, एवढंच त्यांनी केलं होतं. पोटतिडकीने केलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात दिराने माझ्याकडे असं बघितलं की मी पेले घेऊन मागे सरले. त्याने हार होता तसा खाली सोडला, नीट केला आणि उभा राहिला.

"टरफलं ओली लागली," तो बेकरीवाल्यांना म्हणाला. "दमट झाली होती. गलती मेरी है, मैंने देखा नहीं."

बेकरीवाले रागावले नाहीत. त्यांनी एक मूठ टरफलं हातात घेतली, चुरली, आणि अगदी मायेने म्हणाले, "बेटा, अब्बी तो बारिश गई. बारिश के चार महीने मैं क्या करूँ? कच्चे बिस्कुटां बेचूँ?" याला उत्तर होतं, पण ते झेंडूच्या हाराखाली होतं. ते चहा पिऊन, सासूबाईंना आदाब करून गेले.

संध्याकाळी सासूबाई देवळात गेल्या तेव्हा मी दिराला धरलं. अशी काही खवळले होते. म्हणाले, एवढा शिकलेला तू, खोटं बोलायचं तर धड तरी बोलायचंस. पाणी भरायला विसरलो म्हणायचं होतंस. उद्या पुन्हा या म्हणायचं होतंस. नाहीतर माझं नाव घ्यायचंस, वहिनीने धांदरटपणा केला म्हणून. माझी काय अब्रू जाणार होती? तू तर त्या टरफलांनाच दोष दिलास. आता कोण घेईल ती?

तो खाली मान घालून पिंपावरची हळद पुसत होता. म्हणाला, "वहिनी, पाणी हा शब्द जरी निघाला असता ना, तरी तिला कळलं असतं. मग मी इथे राहिलो काय आणि गेलो काय, ती जन्मभर स्वतःला खात बसली असती. दुसरं काही सुचलंच नाही त्या वेळी." आणि त्याने मला शपथ घातली, आईला कधी सांगायचं नाही. मी चडफडले, पण शपथ पाळली. माझा त्याच्यावरचा राग तिथेच संपला. एवढं भलं माणूस आपल्या घरात आहे आणि तेच घरात राहणार नाही, याचा राग मात्र पुढे बरेच दिवस होता.

नंतर तो अफझलगंजला पुन्हा जाऊन आला. पण एकदा टरफलं दमट म्हटल्यावर आता काय म्हणणार? तोवर त्यांनी डिझेलचा बर्नर ठरवला होता. दिवाळी झाली आणि दीर मस्कतला गेला. विमानतळावर सासूबाई रडल्या नाहीत. घरी आल्यावर त्याची धुतलेली बनियन पुन्हा धुवायला काढली.

आठवडाभराने बघते तर सासूबाई बादली घेऊन शेडकडे निघालेल्या. मी मागे गेले. त्या हौदात पाणी ओतत होत्या. मी चरकले, पण म्हणाले एवढंच, "आई, डास होतील." त्या म्हणाल्या, "बदलत जाईन की." आणि खरंच, दर शुक्रवारी जुनं पाणी काढून नवीन भरायच्या. उन्हाळा आला तसं पोत्यातली उरलेली टरफलं गच्चीवर वाळत घातली. पाखरं येऊन बसायची, त्यांना हाकलायला स्वतः उन्हात. पावसाळ्यात पोती पलंगाखाली. मी नवऱ्याला म्हणाले, तुमच्या आईला झालंय काय? तो म्हणाला, "पोराची आठवण येत असेल." मला सगळं समजत होतं आणि विचारायची चोरी. शपथेत मी अडकलेली, आणि त्या तर अवाक्षर काढत नव्हत्या. एकाच स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसून भाजी निवडायचो आणि दोघींच्या पोटात तीच गोष्ट.

दीर पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा काळा पडला होता आणि बारीक झाला होता. पाण्याच्या कारखान्यात होता म्हणे तिकडे, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या. दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याला बोलावून ठेवलं होतं, एकदाचं ते पिंप तरी डोळ्यांसमोरून जावं म्हणून. दीरही हो म्हणाला. आम्ही शेडमध्ये गेलो आणि तो हौदापाशी थांबला. हौद काठोकाठ भरलेला, पाणी नितळ, तळाचं स्वस्तिक पुसट झालेलं पण दिसत होतं.

"हे कुणी भरलं?" त्याने मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत मागून सासूबाई आल्या, हातात बादली. शुक्रवार होता.

"मी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी बेकरीवाले गेल्यावर हार सारखा करायला आले, तेव्हा मीच कोरडा केलेला हौद दिसला आणि कळलं. तू हार उचलून परत ठेवलास तेही बघितलं होतं मी दारातून. मला काय अक्कल नाही?"

"आई, टरफलं खरंच ओली होती," दीर म्हणाला.

"असतील. म्हणून तीही वाळवली." त्यांनी बादली खाली ठेवली. "एवढ्या लोकांना समजावून सांगितलंस रे. इंग्रजीत सांगितलंस, तेलुगूत सांगितलंस. ह्या वहिनीला चुलीपाशी बसून सांगितलंस. मी कपबशा उचलत होते. मला एकदा सांगितलं असतंस, तर काय मी ते पाणी ओतून दिलं असतं?"

दीर मटकन खाली बसला, हौदाच्या काठाला धरून. इतकी वर्षं मी त्याला बघत होते, सासऱ्यांच्या वेळीही त्याच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. तेव्हा तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मीही रडले. लपवण्यासारखं त्यात काय आहे? सासूबाई तेवढ्या रडल्या नाहीत. त्या त्याच्याजवळ बसल्या, पदराने त्याचं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "आता सांग. हे पाणी कशाला लागतं?"

त्याने सांगितलं. अगदी पहिल्यापासून, मराठीत. मी आतून परात आणि तांब्या आणून दिला. परातीत पाणी घालून त्याने तांब्या उपडा धरला, आणि त्या पुढे वाकून बघत राहिल्या, मध्येमध्ये "हौ" म्हणत. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी तांब्या त्याच्या हातातून घेतला आणि स्वतः एकदा करून पाहिलं.

भंगारवाला आला होता, त्याला मी परत पाठवलं. दुपारी पिंप पेटवलं. पहिल्याच काडीला पेटलं. सासूबाईंनी त्याच्यावर पातेलं ठेवून पुरण शिजवलं, खालून जरा लागलं, पण सगळ्यांनी खाल्लं. महिन्याने दीर मस्कतला परत गेला, कारण तिकडचा करार अजून संपला नव्हता. जाताना सासूबाईंनी त्याला फक्त एवढंच सांगितलं की पाणी मी भरून ठेवते.